शेपटीचा माणूस

"ऐकलंत का, बा कटोंगो?" तेम्वानीने विचारलं.

कटोंगो निळ्या टोपीवाल्या पाहुण्या बाईंच्या कपात चहा ओतत होता. किटलीची धार मोडू न देता त्याने मान वर केली. समोर तेम्वानी, पायी फिरणाऱ्या टोळीची गाईड, झाडाला टेकून उभी. मान तिरकी, भुवया वर, एक बोट हवेत. हिचं बोट वर गेलं म्हणजे काहीतरी ओरडलं. ऑक्टोबर संपत आलेला, आभाळ तापून पांढरंफटक पडलेलं, आणि या दिवसांत बोट वर करून ऐकावं असं लुआंग्वा नदीच्या काठी एकच पाखरू.

"ऐकला की!" तो म्हणाला. "खंड्या. त्या पलीकडच्या चिंचेवर. मी मुद्दाम गप्प बसलो. म्हटलं, बघू या तुमच्या कानांत काही शिरतंय का."

तेम्वानीचं बोट हळूहळू खाली आलं.

"काहीच ओरडलं नाही," ती म्हणाली. "मी नुसतं विचारलं."

बंदूकवाला जेरे तोंड फिरवून खोकला. चौघे पाहुणे बिस्किटं खात होते. त्यांना ही भाषा कळत नव्हती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने सकाळ छान चालली होती. कटोंगोने बाईंचा कप काठोकाठ भरला, थोडा बशीत सांडला, आणि चेहऱ्यावर नेहमीचं हसू चिकटवलं. बावीस वर्षांत ते हसू कधी घसरलं नव्हतं. आज कडेने जरा सुटलं.

"लॉजवर गेलो की बोलू," तेम्वानी म्हणाली. हे तिने हळू आवाजात म्हटलं असणार, कारण ओठ जेमतेम हलले. पण ओठ वाचण्यात कटोंगोचा हात धरणारा त्या खोऱ्यात कोणी नव्हता. दोन वर्षं त्याचा सगळा संसार त्या विद्येवर चालला होता.

मुसिकिसी लॉजवरून पहाटे निघणाऱ्या टोळीची रांग ठरलेली. सगळ्यात पुढे बंदूक घेऊन जेरे, त्याच्यामागे तेम्वानी, मग पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी पाठीवर टोपली, हातात किटली घेऊन कटोंगो. पुढच्याला सगळे 'डोकं' म्हणत, मागच्याला 'शेपटी'. पाहुण्यांना वाटायचं, शेपटी म्हणजे चहावाला. चहा नुसतं निमित्त. डोक्याने समोरचं बघायचं आणि शेपटीने मागचं ऐकायचं, अशी ही कामाची वाटणी. म्हातारा रानरेडा जाळीत बसला की दहा हातांवरूनही दिसत नाही. त्याच्या पाठीवर बसून गोचिड्या खाणारी पाखरं तेवढी चर्र-चर्र करतात. रेडा मुका, पाखरं चहाडखोर. ती चहाडी ज्याला ऐकू येते त्याने शेपटी व्हावं.

आणि कटोंगोसारखी शेपटी झाली नव्हती. लॉजच्या वहीत दोन रकाने होते, 'दिसलं' आणि 'ऐकलं'. दर संध्याकाळी गाईड त्यात दिवसभराचं लिहायची. त्या वहीत रानखंड्याचं पान वेगळं. हा निळ्या पाठीचा, लाल-काळ्या चोचीचा खंड्या पावसाच्या पुढे-पुढे पळत उत्तरेकडून येतो. तो पहिल्यांदा ओरडला की राहिलेलं लॉज भराभर गुंडाळायचं. दहा-बारा दिवसांत काळी माती फुगते आणि मग ट्रक काय, बकरीसुद्धा रुतते. त्या पानावर अकरा वर्षं ओळीने एकच नाव होतं: कटोंगो.

अकरावं नाव मात्र त्याला खुपायचं. गेल्या वर्षी खंड्या त्याने ऐकला नव्हता. चोच उघडलेली बघितली होती आणि बाकीच्यांच्या आधी "आला!" म्हणून ओरडला होता.

त्याच्या आदल्या महिन्यातच तो नदीपलीकडच्या मिशन दवाखान्यात जाऊन आला होता. दाढदुखीचं कारण सांगून. डॉक्टरने कानांवर दोन वाट्या लावल्या, यंत्र वाजवलं आणि म्हणाला, "सिंह-हत्ती ऐकू येतील. पाखरं गेली."

"कुठे गेली?" कटोंगोने विचारलं.

डॉक्टर हसला नाही. ही गोष्ट कटोंगोला कानांपेक्षा जास्त लागली.

घरी बायको लवनेस तेवढी जाणून होती. बाकी सगळ्यांना त्याने थट्टेच्या आड ठेवलं. कोणी मागून हाक मारली आणि याने ओ दिली नाही की म्हणायचे, सोंग करतोय. एखाद्या प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं की लोक पोट धरून हसायचे. आयुष्यभर केलेल्या खोड्या अशा उपयोगी पडतील हे त्यालाही वाटलं नव्हतं. ही तेम्वानी दोन वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आली, तेव्हा पहिल्याच दुपारी त्याने जेवणाच्या तंबूमागे जाऊन पाणघोड्यासारखा असा काही हुंकार दिला की पोरगी हातातलं ताट न सांडता टेबलावर चढली. ताट सांडलं नाही, म्हणून तर त्याने सगळ्यांना सांगितलं, ही गाईड होणार. झालीही. नियमांची पक्की, नजरेची त्याहून पक्की. आणि आज तिने त्याच्याच जातीची खोडी काढून त्याला पकडलं होतं.

पकडलं म्हणजे काय होणार, हे त्याला माहीत होतं. ज्या शेपटीचा कान, डोळा नाहीतर गुडघा जातो तिला धोबीखान्यात पाठवतात. कामावरून काढत नाहीत, तेवढे लॉजवाले चांगले आहेत. त्याच्या आधीची शेपटी म्हणजे बंदा नावाचा, सिंहिणीला शिवी देऊन परतवणारा माणूस. गुडघा गेला, धोबीखान्यात गेला. तिसऱ्या महिन्यापासून तो भेटला की साबणाबद्दल बोलायला लागला.

"चला," तेम्वानीने इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं. कप गोळा झाले. टोपली पाठीवर चढली. किटली अजून अर्धी भरलेली होती.

जेरे जाता जाता त्याच्याजवळ थांबला. "काय रे माकडखाऊ, आज चिंचेवर काय काय दिसतंय तुला? आजी दिसली का?"

"तुझी दिसली. उंदीर भाजत होती."

जेरे न्गोनी आणि कटोंगो बेम्बा. या दोन जमाती म्हणजे थट्टेचे भाऊ. पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडून झाल्यावर ठरवलं, यापुढे फक्त शिव्या. बेम्बा माकडं खातात, न्गोनी उंदीर खातात. हे मयतीतसुद्धा बोलायचं आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. जेरेच्या बापाच्या मयतीत कटोंगो शवपेटीशेजारी आडवा झाला होता आणि "जागा आहे, मला पण घ्या" म्हणाला होता. जेरे रडता रडता हसला होता. अशा माणसाला खरं सांगणं सगळ्यात अवघड. दोघांत खऱ्याची भाषाच नव्हती.

परतीची वाट वाळलेल्या ओढ्याच्या कडेने होती. एका बाजूला माणसाच्या उंचीची काटेरी जाळी, दुसऱ्या बाजूला पात्र. पुढे वळणावर नदीचा उरलेला डोह, आणि त्यात खोऱ्यातले सगळे पाणघोडे कोंबलेले. दोनशे तरी असतील. पाणी कमी, जनावरं जास्त, सगळ्यांची डोकी तापलेली. त्यांचं ते भसाड्या आवाजातलं भांडण कटोंगोला छातीत ऐकू येत होतं. पुढे चालणाऱ्या जेरेला आणि तेम्वानीला त्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणजे या अर्ध्या मैलाच्या पट्ट्यात चौघे पाहुणे शेपटीच्या कानांवर चालले होते.

कटोंगोने किटली दुसऱ्या हातात घेतली.

आजवर बावीस वर्षांत त्याला या वाटेची भीती वाटली नव्हती. गेली दोन वर्षंसुद्धा त्याने डोळ्यांवर निभावलं होतं. तो डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, वळून मागे बघायचा, पुन्हा डावीकडे. संध्याकाळी मान दुखायची, ती लवनेस तेल लावून रगडायची आणि रगडताना बोलायची, "एक दिवस कोणाला तरी मारशील तू. तुझा तू मेलास तर माझी हरकत नाही." पुढच्या खुणा जेरेकडून मिळायच्या. जेरे बोटातली अंगठी बंदुकीच्या दस्त्यावर वाजवायचा. दोनदा टकटक, थांबा. तीनदा, मागे सरका. टकटक कटोंगोला ऐकू येत नव्हती, पण जेरेचं कोपर चांगलं हातभर बाहेर यायचं आणि रांगेच्या टोकावरूनही दिसायचं. एक बोट वाजवायला गाढव अख्खा हात हलवतो, असं कटोंगो मनात म्हणायचा आणि देवाचे आभार मानायचा.

आत्ता कोपर स्थिर होतं. जेरे चालत होता. तेम्वानी चालत होती. मग बेल्जियमचं जोडपं, मग दोघी बहिणींतली थोरली, मग धाकटी, ती निळ्या टोपीवाली. सत्तरीची असेल. पावलं लहान, पण टिकून चालणारी.

कटोंगोने मागे वळून बघितलं. वाट रिकामी. पुढे बघितलं.

निळी टोपी डावीकडे वळली होती. बाई चालता चालता मान वळवून जाळीकडे बघत होत्या आणि हसत होत्या. छोटंसं, आपल्याशीच असावं तसं हसू. हरीण दिसल्यावर माणूस असं हसत नाही, बोट दाखवतो. हे कानाचं हसू होतं. हे हसू कटोंगोने बावीस वर्षं पाहुण्यांच्या तोंडावर बघितलं होतं, पाखरू कुठेतरी पानांत बोलतं आणि माणसाला बरं वाटतं, तेव्हाचं.

आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त पाणघोडे.

त्याने बाईंच्या नजरेला नजर जोडून जाळीत बघितलं. काटे, वाळकी पानं, एक काळा ओंडका. ओंडक्यावरून एक करडं पाखरू उडालं, लाल चोचीचं, आणि पुन्हा ओंडक्यावरच बसलं. ओंडक्याला ओलं नाक होतं.

वीस पावलं. फार तर बावीस.

कटोंगोने ओठ आवळून शीळ घातली. शेपटीची शीळ, आखूड, एकच. शीळ वाजली की नुसती हवा गेली, हे त्याला कळलं नाही. त्याने जेरेच्या पाठीकडे बघितलं. जेरेने पाऊल टाकलं. आणखी एक टाकलं. कटोंगोने पुन्हा ओठ आवळले, ओठ कोरडे, जीभ कोरडी, आणि त्याच क्षणी जेरेचं कोपर बाहेर आलं. एक, दोन, तीन. रांग थांबली. तेम्वानीने वळूनही न बघता दोन्ही हात पसरले आणि पाहुण्यांना वारुळाच्या मागे रेटायला सुरुवात केली. बेल्जियमवाले गेले. थोरली बहीण गेली.

धाकटी जागची हलली नाही. हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, पण आता ते तिचं नव्हतं.

रेडा उठला. उठताना आधी मागचे पाय, मग पुढचे, एखाद्या सासऱ्याने जावई आलाय म्हणून नाखुशीने खुर्ची सोडावी तसा. अंगावर वाळलेल्या चिखलाची खपली, एक शिंग टोकाला तुटलेलं. कळपाने हाकलून दिलेला म्हातारा. तो धमकी देत बसत नाही. सिंह निदान खाकरतो.

जेरे वाकून धावत मागे येत होता. पण वाट अरुंद होती, आणि रेड्याच्या व बंदुकीच्या मधोमध बाई, बाईंच्या पुढे येऊन उभा राहिलेला कटोंगो. जेरेचं तोंड उघडलं. "बाजूला हो!" कटोंगोने वाचलं. बाजूला झालं तर मागे निळी टोपी. तो झाला नाही.

रेड्याने नाक वर केलं आणि खाली घातलं. पहिली चार पावलं चालत आला. पाचवं धावत होतं.

कटोंगोने हातातली किटली ओढ्याच्या दगडांवर भिरकावली. ती कशी वाजली ते त्याला कळलं नाही, पण मागे बाई दचकल्या, जेरे दचकला, आणि रेड्याची मान तिकडे फिरली. सगळं वजन तसंच वळवत तो किटलीवर गेला, तुटक्या शिंगाने तिला उचललं, एकदा आपटलं, चहा त्याच्या तोंडावर उडाला असावा, कारण त्याने फुर्रकन नाक झाडलं. मग समोरचा काठ चढून पलीकडच्या झाडीत निघून गेला. पाखरं मागोमाग.

जेरेची बंदूक खांद्याला तशीच राहिली. बोट घोड्यावरून काढायला त्याला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

निळ्या टोपीवाल्या बाईंनी कटोंगोचा दंड धरला होता. त्या इंग्रजीत काहीतरी बोलल्या. त्याने ओठांकडे बघितलं. "मला वाटलं, पाखरंच आहेत नुसती," त्या म्हणत होत्या. "काय गोड आवाज होता."

"होय, बाई," कटोंगो म्हणाला. "फार गोड."

त्याने ओढ्यात उतरून किटली उचलली. तिची एक बाजू आत गेली होती, नळी आभाळाकडे बघत होती. टोपलीत मावेना म्हणून ती त्याने हातातच धरली. मग सगळे आपल्याकडेच बघतायत असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून मुद्दाम लंगडल्याचं सोंग केलं. बेल्जियमचा माणूस हसला. हसला म्हणजे बरं.

दुपारी लॉजच्या मागच्या अंगणात सगळे जेवायला बसले. आचारी लेवीने न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाचे, पांढरे गोळे वाढले, वर सुक्या मासळीचं कालवण. किटली मध्ये ठेवली होती, प्रेतासारखी. लेवी तिच्याभोवती फिरून बघत होता.

"बावीस वर्षांची होती," तो म्हणाला. "मागे कोण कोण आहे?"

"एक गाळणी आहे," कटोंगो म्हणाला. "तिचं तू बघ."

लोक हसले. तेवढ्यात तेम्वानी काखेत वही घेऊन आली. ती त्याच्यासमोर बसली, अगदी समोर. कटोंगोचा घास हातात राहिला. 'लॉजवर गेलो की बोलू.' आता बोलणार.

"बा कटोंगो," ती म्हणाली आणि दोन्ही तळवे जोडून हळूच वाजवले, वडीलधाऱ्याची माफी मागताना वाजवतात तसे. "मी मूर्ख आहे."

कटोंगोने जेरेकडे बघितलं. जेरे मासळीतले काटे काढत होता.

"सकाळी मी तुम्हाला फसवायला गेले. महिनाभर माझ्या डोक्यात होतं की तुमचे कान गेलेत. म्हणून ते बोट वर केलं. आणि तुम्ही उलट माझीच फिरकी घेतलीत! नसलेला खंड्या ऐकला म्हणे. चिंचेवर! मी तिथेच ओळखायला हवं होतं. पाणघोड्यांच्या त्या कालव्यात ज्याला गोचिडखाऊ पाखरं ऐकू येतात, त्याचे कान मी तपासतेय."

"हिचे तपासा!" लेवी ओरडला. सगळं अंगण हसलं.

सुटायचं दार सताड उघडं होतं. कटोंगोने काही करायचंसुद्धा नव्हतं. नुसतं हसायचं होतं, आणि हसणं त्याला येत होतं. शेपटी राहिली असती. पुढच्या मे महिन्यात गवत वाळल्यावर पुन्हा पहाटेची वाट, पुन्हा टोपली, पुन्हा मान डावीकडे, उजवीकडे, मागे.

"मग काय," तो म्हणाला. "पोरी, तुझं टेबल अजून विसरलो नाही मी."

पुन्हा हशा. तेम्वानीही हसली, आणि वही मांडीवर उघडून लिहायला लागली. कटोंगोला उलटी अक्षरं वाचता येत होती. 'ऐकलं' या रकान्यात तिने लिहिलं: गोचिडखाऊ पाखरं, जाळीतला रेडा. पुढे रेघ ओढली आणि लिहिलं: कटों

"थांब," तो म्हणाला.

ती थांबली.

"ते मी नाही ऐकलं."

"मग कोणी?"

"त्या निळ्या टोपीने. मी तिचं तोंड बघितलं. ती हसली म्हणून मी बघितलं. ती डास मारत बसली असती, तर आत्ता ही किटली नसती इथे मध्ये ठेवलेली. दुसरं कोणीतरी असतं." त्याने दम घेतला. "कान गेलेत माझे. दोन वर्षं झाली. पाखरं, शिट्ट्या, बारीक सगळं गेलं."

मग लेवीने मांडीवर थाप मारली. "अरे देवा! किती सरळ चेहऱ्याने बोलतो बघा! किटली गेल्याचं दुःख!" आणि अंगण कोसळलं. कोणीतरी मागून ओरडलं असावं, कारण सगळे तिकडे बघून आणखी हसले, आणि नेमकं तेच वाक्य कटोंगोला ऐकू आलं नाही.

तेम्वानी हसत होती, पण पेन कागदापासून दूर होतं.

कटोंगो उठला. हात धुतले. ठेचलेली किटली उचलून जेरेच्या पुढ्यात ठेवली.

"उंदीरखाऊ. अंगठी आहे ना बोटात? मी तिकडे तोंड करून उभा राहतो. तू वाजव. ऐकू आलं की मी हात वर करीन."

"जेवू दे की," जेरे म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"वाजव म्हटलं ना."

कटोंगो अंगणाच्या कडेला गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. समोर नदी. पलीकडच्या उभ्या दरडीत लाल वेड्या राघूंची हजारो बिळं. महिन्यापूर्वी तिथे नुसता कल्लोळ असायचा, दरड पेटल्यासारखी दिसायची. आता पिलं उडाली होती, थवे निघून चालले होते, पाच-पन्नास मागे राहिलेले वरखाली करत होते. तेही ओरडत असणार. त्याने वाट बघितली. हात मांडीशी सरळ. वाट बघितली. माशी कानाशी आलेली कळली, ती गालाला लागली म्हणून.

"अरे, सुरू कर की!" तो म्हणाला.

मागून काही आलं नाही. तो वळला.

लेवी पळी हातात धरून उभा होता. कोणी हसत नव्हतं. तेम्वानीने तोंडावर हात धरला होता. जेरेचं बोट किटलीवर होतं.

"किती वेळा?" कटोंगोने विचारलं.

जेरेने चार बोटं दाखवली. मग हात खाली घेऊन तो बोलला, नीट तोंड उघडून, शब्द सुटे करून. आणि कटोंगोच्या लक्षात आलं की हा माणूस गेली दोन वर्षं त्याच्याशी असाच बोलत आलाय.

"माकडखाऊ, एक अंगठी वाजवायला कोणी एवढं कोपर हलवतं का रे? दोन वर्षं दुखतंय माझं. रात्री बायको तेल लावते. मी म्हणायचो, आज विचारेल, उद्या विचारेल. पण बेम्बाला अक्कल कमी."

कटोंगोने परत येऊन जेरेच्या पुढ्यातली किटली उचलली.

"तुम्हाला माहीत होतं?" तेम्वानी जेरेवर ओरडली. हे कटोंगोला चांगलं ऐकू आलं. "चार-चार माणसं घेऊन जातो आपण! आणि तुम्ही दोघं—" तिने वही पुढ्यात ओढली. मग 'कटों' खोडलं, आणि निळ्या टोपीवाल्या बाईंचं खरं नाव काय ते विचारायला आत गेली.

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, कटोंगो धोबीखान्याच्या मागे दोरीवर चादरी टाकत होता. शेवटचे पाहुणे गेले होते. नदीकाठचे तंबू उतरवायचं काम चालू होतं. कोळशाची इस्त्री तापत ठेवलेली. बंदा आत बसून साबणाबद्दल बोलत होता. बोलू दे. कटोंगोला निम्मंच कळत होतं. कालच त्याने बंदाच्या सगळ्या चिमट्यांवर चूळ थुंकून ठेवल्याची थाप मारली होती आणि बंदाने ते सगळे पुन्हा धुतले होते.

वाटेवरून जेरे आणि तेम्वानी येत होते. जेरेच्या खांद्यावर बंदुकीऐवजी तंबूचा बांबू. चाळीस पावलांवर जेरे थबकला. त्याने हाक मारली नाही, बोट दाखवलं नाही. उजवं कोपर तेवढं हातभर बाहेर काढलं. एकदा. दोनदा.

कटोंगो ओली चादर हातात धरून जागच्या जागी थांबला. मग हळू मान वर केली.

अंगणातल्या चिंचेच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. निळी पाठ, वर लाल, खाली काळी चोच. त्याने दोन्ही पंख पसरले, एकदा डावीकडे वळला, एकदा उजवीकडे, आणि चोच उघडली. गळ्याची पांढरी पिसं थरथरायला लागली. बराच वेळ थरथरत राहिली. कटोंगोने चोच मिटेपर्यंत श्वास धरला.

तेम्वानी दोरीपाशी आली. वही उघडीच होती, खंड्याचं पान. ती समोर येऊन उभी राहिली, त्याला तोंड दिसेल अशी.

"बारावं नाव कोणाचं लिहू, बा कटोंगो?"

"'ऐकलं'मध्ये त्या उंदीरखाऊचं लिही," तो म्हणाला. "माझं 'दिसलं'मध्ये टाक."

तिने लिहिलं. त्याने चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटा लावला. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं. चादरीने फांदी झाकली जात होती. त्याने चिमटा काढला आणि चादर हातभर बाजूला सरकवली.